नवी इभा

नोंदवहीत कोरी पानं अठरा उरलीत
आणि माझे दिवस एकवीस.
काजूला मोहर आलाय. खिडकी लावून घेतली तरी
वास आत येतो, आंबूस, गोड,
माझ्याआधी अंथरुणावर पडलेला असतो.

आले तेव्हा इथं मला जोशना म्हणायचे.
जोशना माझ्या आधीची. मूळची ज्योत्स्ना असणार.
मी तिला पाहिलेलं नाही,
पण तिची एक चप्पल अजून माळ्यावर आहे,
आणि तिला कारलं आवडायचं म्हणून
पहिले चार महिने मी कारलं खाल्लं.
मग श्रावणात साकव वाहून गेला.
नऊ दिवस ना बस, ना दूध, ना माझी संस्था.
दहाव्या दिवशी लुमाण्णाच्या आईनं परसातून हाक मारली,
इभा!
विभावरी एवढं लांब कोण म्हणणार?
मी ओ दिली.

काटा अंगणवाडीच्या तुळईला असतो.
खाली निळ्या कापडाची झोळी, पाय बाहेर काढायला दोन भोकं.
पाच तारखेला आया रांगेत. गप्प करतात पोरांना,
कुणी मराठीत, कुणी कानडीत.
पोरं ऐकत नाहीत.
बाळव्वा नातवाचा आकडा विचारत नाही,
मला विचारते, ऊटा आतेनू?
मी म्हणते, आत,
जेवले नसले तरी.

सटूची ओळ पाच किलो आठशेवर थांबते.
पुढचे रकाने रेघ मारून बंद करायला हवे होते.
नाही केले.
त्याची आई अजून नाचणीची आंबील पाठवते.
तांब्या मी रिकामा परत देत नाही,
मूठभर शेंगदाणे घालते, आमच्या लातूरकडचे,
आणि दोघी त्यावर काही बोलत नाही.

भरमाण्णाच्या संडासात काजूची पोती आहेत.
खानापूरच्या कचेरीत अकरा खेपा घातल्या होत्या त्याच्यासाठी.
"कोरडी जागा हाय ओ बाई, उंदीर शिरत नाही."
अहवालात यासाठी रकाना नाही.
शोधला मी.

या आठवड्यात एक नवीनच.
माझ्यासमोर माझ्याबद्दल होती म्हणतात.
"इभा होती तवा बैठक वेळेवर व्हायची,"
आणि मी तिथंच, पाटावर, शेंगा फोडत.
कवा जाऊलालीस, कुणीही विचारतं,
बस कवा हाय, असं विचारावं तसं.
कढई दोघींना देऊन बसलेय, चुकून.
उशी सुईणीच्या सुनेनं आधीच उन्हात टाकलीय.
रागवायचं ठरवलं होतं एका दुपारी,
पण ती उशी छान फुगली उन्हानं.

काल पोरांनी माझी बॅग झोळीत घातली.
अकरा किलो चारशे.
"माझ्यापेक्षा दोनशेनं कमी," रेमाणी म्हणाली,
आणि वहीत नाव लिहू काय, म्हणाली.
लिहिलं तिनं, कानडीत.
मला वाचता येतं आता, बसच्या पाट्यांवरून शिकले,
खानापूर, नंदगड, बिडी.
तीनच अक्षरं पुरेशी होती तिला माझ्यासाठी.
बॅगेच्या नावापुढं आईचं नाव कोणतं, यावर
पोरांचं थोडं भांडण झालं.
मग पेन्सिल चावत तिनं विचारलं,
"नवी इभा कवा येणार?"

सांगणार होते,
अगं, तिचं नाव वेगळं असेल,
तिला कढईत काय करायला आवडेल
हे तिलाच विचारा.
सांगितलं नाही.
माळ्यावर चढले. चपलेशेजारी जागा होती.
मोडक्या काडीची छत्री ठेवली तिथं,
खाली उतरले, हात झटकले
आणि म्हणाले,
पाच तारखेच्या आत.